सल्ला तपासून घ्यावा

कुत्र्याचं खाणं मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं ते एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून. डॉक्टर जनावरांचे होते आणि मला काहीही झालेलं नव्हतं. मी एका डॉग फूड कंपनीचा एम. आर. होतो. नोकरी नवी, टाय नवा, आणि लोणावळ्याच्या बाजारामागच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलेलं. बॅग उघडून मी "सर, आमचं हे नवीन..." एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्या हातातली सॅम्पलची पुडी घेतली, दातांनी फोडली, अर्धी स्वतःच्या तळहातावर ओतली आणि अर्धी माझ्या.

"खा, पाहुणे."

"सर?"

"तुमच्याच कंपनीचा माल आहे ना? मग खा की."

मी खाल्लं. सुक्या बोंबलांच्या डब्यात शिळी बिस्किटं ठेवली तर ती अशी लागतील. डॉक्टर मात्र लग्नातला आचारी भाजीचं मीठ बघतो तसे डोळे मिटून सावकाश चावत होते. "मीठ बेताचं आहे. चरबी खवट नाही. हरकत नाही," असं म्हणून उरलेले दाणे त्यांनी टेबलाच्या खणातल्या एका बरणीत टाकले. खणात तशा चार-पाच बरण्या होत्या आणि त्यांच्याच शेजारी चिवड्याचा डबा. दुपारच्या चहाबरोबर ते नेमकं काय खातात हे निरखून बघायची हिंमत मला पुढे कित्येक महिने झाली नाही.

कंपन्यांच्या सगळ्या माणसांना ते 'पाहुणे'च म्हणत. नाव लक्षात ठेवायचे नाहीत. म्हणायचे, "तुम्ही बदलता, बॅग तीच असते." मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

डॉक्टरांची उभी हयात मावळातल्या सरकारी दवाखान्यांत, म्हशी-बैलांत गेली होती. निवृत्त होऊन त्यांनी लोणावळ्यात खोल्या घेतल्या तोवर म्हशी कमी झाल्या होत्या आणि बंगले वाढले होते, त्यामुळे टेबलावर कुत्री आली. भाषा मात्र म्हशींचीच राहिली. तुंगार्लीकडच्या बंगल्यातल्या एखाद्या बाई गोंडस, केसाळ पिल्लू मांडीवर घेऊन बसल्या की हे विचारणार, "शेण कसं टाकतो?" बाई आधी दचकायच्या, मग दुखावायच्या. "पुढच्या वेळी डबीत घेऊन या. माणूस खोटं बोलतो, शेण बोलत नाही."

खाण्याबद्दल लोक खोटं बोलतात यावर त्यांचा ठाम विश्वास होता. बंगल्यातली माणसं बिस्किटं लपवतात आणि गावातली माणसं मटण लपवतात, असं त्यांचं म्हणणं. एका बंगल्यातलं लॅब्राडोर रोडावत चाललं होतं. मालक मुंबईचे. माळ्याच्या ताब्यात कुत्रा आणि आमच्या कंपनीची भलीमोठी बॅग देऊन गेलेले. मालक फोनवर डॉक्टरांना विचारत होते की ब्रँड बदलू का. डॉक्टर स्वतः बंगल्यावर गेले, मलाही मागे बसवून नेलं. माळ्याच्या खोलीमागे सात-आठ कोंबड्या इतक्या तकतकीत की मी तशा कधी बघितल्या नव्हत्या. माळी प्रामाणिकपणे म्हणाला, "त्याला भाकर आवडती साहेब, ह्यास्नी ह्ये आवडतं." भाकरी दिवसाला एक, तीही अर्धी त्याच्या पोरांनी खाल्लेली. डॉक्टरांनी तिथूनच मालकांना फोन लावला. "ब्रँड उत्तम आहे. अंडी वाढली आहेत," म्हणाले आणि मग सगळं नीट समजावून सांगितलं.

पण दवाखान्यात शिरणाऱ्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरायच्या त्या चिकटपट्ट्या. जखमेवर लावायची पांढरी पट्टी असते ना, तिचे तुकडे. कंपन्यांनी दिलेल्या प्रत्येक वस्तूवर एक तुकडा आणि त्यावर बॉलपेननं, शाळामास्तरासारख्या गोल अक्षरात मजकूर. भिंतीवरच्या घड्याळावर: 'हे घड्याळ कंपनीने दिले. वेळ बरोबर आहे, सल्ला तपासून घ्यावा.' कॅलेंडरवर: 'हे कॅलेंडर कंपनीने दिले. तारखा बरोबर आहेत, सल्ला तपासून घ्यावा.' पेनावर जागा कमी, म्हणून नुसतं 'कं.'.

मी एकदा चिडून म्हणालो, "सर, टाकव्याचे ते भाऊ तुम्हाला दरवर्षी इंद्रायणी तांदूळ आणून देतात. त्याला कुठे चिकटपट्टी आहे?"

ते विचारात पडले. खरंच पडले. दुसऱ्या खेपेला गेलो तर तांदळाच्या डब्यावर पट्टी: 'हा तांदूळ टाकवे बुद्रुकच्या भाऊंनी दिला. त्यांच्या म्हशीबद्दल माझे मत चांगले आहे, ते तपासून घ्यावे.' भाऊ पुढे आठवडाभर रुसले होते म्हणे.

लोकांना ही गंमत वाटायची. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारी मंडळी घड्याळाचे फोटो काढायची. आजकाल सगळे डॉक्टर कंपन्यांनी विकत घेतलेत, हा एकटा सरळ माणूस, असं म्हणायची. डॉक्टरांना ते आवडत असे, हे मला कळायचं. स्वतःच्या सरळपणाचं थोडं कौतुक कुणाला नसतं?

आमच्या धंद्याबद्दल ते कडवट नव्हते. एकदा म्हणाले, "कॉलेजात म्हशीच्या चाऱ्यावर आम्हाला वर्षभर शिकवलं. कुत्र्याच्या खाण्यावर एक दुपार. जेवणानंतरचा तास होता, मी झोपलो होतो. पुढचं सगळं तुम्ही लोकांनी शिकवलं, खंडाळ्याच्या हॉटेलात. तिथेही जेवण होतंच." आणि मोठ्यानं हसले.

वजनकाटा मी दिला. तो दवाखान्यात कसा आला हे सांगायला मला अजून जड जातं.

आमच्या कंपनीनं त्या वर्षी डॉक्टरांना द्यायला चांगले, जमिनीवर ठेवायचे, मोठं कुत्रं चढेल असे काटे काढले होते. डॉक्टरांकडे तोवर एक जुना ताणकाटा आणि पोत्याची झोळी होती. झोळीत घातलेलं कुत्रं चावायला धावायचं आणि वजन अंदाजेच निघायचं. भुलीचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे अंदाज चुकला तर जनावर जायचं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी काटा आणला. त्यांची सेवा करावी असं काही माझ्या मनात नव्हतं. काट्यासारखी वस्तू ते परत करू शकणार नाहीत, एवढाच माझा हिशेब. दोन दिवस त्यांनी तो खोक्यातच ठेवला. तिसऱ्या दिवशी बाहेर काढला आणि पट्टी लावली: 'हा काटा कंपनीने दिला. वजन बरोबर आहे, सल्ला तपासून घ्यावा.' मी खूश होऊन घरी गेलो.

भाजे गावचे एक आबा त्यांच्याकडे येत. लेण्यांच्या पायथ्याशी त्यांची कणसं आणि लिंबू-सरबताची टपरी. मुलगा चाकणला कंपनीत, बायको वारलेली. दोन वर्षांपूर्वी कुणी शहरातली माणसं गाडीतून आली, लेणी बघितली आणि आपलं कुत्रं तिथंच सोडून गेली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, डाल्मेशियन. तीन दिवस ते गाड्यांमागे धावलं आणि चौथ्या दिवशी आबांच्या टपरीखाली येऊन झोपलं. गाडीतून उतरला म्हणून आबांनी त्याचं नाव ठेवलं 'साहेब'. आबा त्याच्याशी दिवसभर बोलत असायचे. "साहेब, गिऱ्हाईक आलं. साहेब, ऊन लय झालं, आत बसा." येणारे-जाणारे त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि बक्षीस म्हणून डब्यातलं चिकन घालायचे.

त्या साहेबाची लघवी तुंबली. डॉक्टरांनी नळी घालून मोकळी केली आणि आबांना समजावलं की या जातीत जन्मतःच एक खोट असते, मांसातून, त्यातही कलेजीतून, लघवीत खडे होतात. मटण, चिकन, कलेजी पूर्ण बंद. एक खास खाणं येतं, काही महिने फक्त तेच द्यायचं. योगायोग असा की ते खाणं आमच्या कंपनीचं होतं आणि मी ठेवलेली सॅम्पलची बॅग तिथेच होती. डॉक्टरांनी ती तशीच आबांना देऊन टाकली. हे मला नंतर कळलं.

त्यानंतर साधारण महिन्यानं मी दवाखान्यात बसलो होतो तेव्हा आबा आले. रिक्षातून, गोधडीत गुंडाळलेला साहेब छातीशी धरून. दोन दिवस लघवीचा थेंब झाला नव्हता. डॉक्टर लगेच कामाला लागले. नळी आत जाईना. सुईनं पोटातून लघवी काढली, पुन्हा नळी घातली, पुन्हा अडली. मी सलाईनची बाटली धरून उभा होतो. आबा त्याच्या कानाशी "साहेब, साहेब" म्हणत राहिले. दुपारी केव्हातरी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला.

मग डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं, "आबा, ते खाणं देत होता ना?"

"न्हाई."

"का?"

आबांनी जमिनीवरच्या काट्याकडे बोट केलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमीच लिवलंय न्हवं, सल्ला तपासून घ्यावा. म्या तपासला. पुतण्याला इचारलं, देहूरोडला मिल्ट्रीच्या डेपोत हाय, शिकल्याला हाय. त्यो म्हनला, काका, ज्या कंपनीचा काटा तिचंच खानं, आनि वर फुकाट. ह्यात कायतरी पानी मुरतंय. मंग म्या घरचंच दिलं."

"घरचं म्हणजे?"

"भाकर. आनि कलेजी दिली, ताकदीसाटनं. तुमी नको म्हनला व्हता, पर मला वाटलं त्ये बी कंपनीचं पुडं खपावंत म्हनूनच म्हनता."

डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता. थोड्या वेळानं मला म्हणाले, "पाहुणे, गाडी काढा."

रिक्षात आबा आणि साहेब, मागे माझ्या मोटरसायकलवर आम्ही दोघे, असे भाज्याला गेलो. टपरीमागच्या जांभळाखाली खड्डा घेतला. सत्तरीचे डॉक्टर शर्टाच्या बाह्या वर करून स्वतः खणत होते, त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं नाही. माती लोटून झाल्यावर आबा तिथंच उकिडवे बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, एक इचारू?"

"विचारा."

"तवा तुमी खरं सांगत व्हता? त्या खान्यानं ऱ्हायला असता त्यो?"

"बहुतेक राहिला असता, आबा."

"मंग त्ये तपासून घ्या म्हनून कशापायी लिवलं?"

ज्यांच्यापुढे कंपनीचे मोठमोठे अधिकारी चाचरायचे ते डॉक्टर मातीकडे बघत राहिले. मला कुणीच काही विचारलं नाही, त्याचं बरं वाटलं. तो काटा मी आणला होता हे मी आबांना त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही. हे लिहिताना पहिल्यांदा सांगतो आहे.

परत येताना मळवलीचं रेल्वेफाटक लागलं होतं. मी गाडी बंद केली. मागे बसलेले डॉक्टर बोलायला लागले. मान वळवून त्यांच्याकडे बघावं असं मला वाटलं नाही.

"मी समजत होतो, लिहून ठेवलं की आपण सुटलो. तपासायचं काम कुणाचं होतं हो? माझं. शिकलो मी, खुर्चीत बसलो मी. आणि ते काम मी चिकटपट्टीवर लिहून आबांच्या गळ्यात घातलं. त्यांनी कुणाला विचारायचं? त्यांना पुतण्या आहे, त्यांनी पुतण्याला विचारलं. त्यांचं काय चुकलं?"

लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू आली.

"आणि मी तरी कुठे तपासलं होतं? मी चव घेतली. चव घेणं म्हणजे काय तपासणं आहे? ते खाणं कामाचं आहे हे मला तुमच्याच माणसानं खंडाळ्याला सांगितलं होतं. खरं होतं ते, माझं नशीब. पण आबांनी विचारलं असतं की पुडा नको, घरच्या भाकरीत, अंड्यात तेच कसं साधायचं ते सांगा, तर मी गप्प बसलो असतो. कारण ते मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही कधी शिकायला गेलो नाही."

आगगाडी धडधडत गेली, फाटक उघडलं.

पुढच्या खेपेला दारातच माझ्या हातात पोतं आलं. घड्याळ, कॅलेंडर, पेनं, दोन छत्र्या, आणि वेगळा बांधलेला काटा.

"सर, काटा तरी ठेवा. तो कामाचा आहे."

"कामाचा आहे म्हणूनच न्या."

मी म्हणालो, पट्ट्या काढून टाका हवं तर, वस्तू राहू द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट पोतं उचललं. काटा कंपनीत जमा केला. तिथल्या वरिष्ठांनी माझी यथेच्छ हजेरी घेतली. घड्याळ तेवढं मी घरी नेलं. आमच्या स्वयंपाकघरात ते अजून चालू आहे, पट्टीसकट. बायको ती काढायला निघाली की मी नको म्हणतो. का, ते मला तिला कधी नीट सांगता आलं नाही.

त्यानंतरचे डॉक्टर जरा वेगळे होते. गमती कमी झाल्या. खणातल्या बरण्या गेल्या, चिवडा राहिला. त्यांचा एक वर्गमित्र पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवत असे, त्याला ते रोज संध्याकाळी फोन करून प्रश्न विचारत आणि उत्तरं जुन्या वहीत उतरवून घेत. तांदळाची कणी, अंडी, दुधी, पनीर असलं काय काय घरी शिजवून बघत. त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या, "अहो, माझा चांगला कुकर कुत्र्याचा झाला!" रविवारी सकाळी ते एकेका मालकाला फोन करायचे: काय देताय, वजन किती, शेण कसं आहे? पुडा सांगितलाच तर का, किती दिवस, आणि तो परवडत नसेल तर घरी काय करायचं, हे तिन्ही सांगितल्याशिवाय माणसाला उठू देत नसत.

माझी तर दर खेपेला परीक्षा. "हे कुणी तपासलं? किती दिवस? तपासणाऱ्याला पैसे कुणी दिले?" मी म्हणायचो, कंपनीला विचारून सांगतो. आधी मला वाटायचं, विसरतील. ते विसरायचे नाहीत. मग मी खरंच विचारायला लागलो. काही प्रश्नांना चांगली, भरभक्कम उत्तरं आली. काहींना नुसती रंगीत पत्रकं आली. कुठलं काय हे ओळखायला मी तिथे शिकलो, आणि असं ओळखायला लागलेला माणूस त्या नोकरीत फार काळ टिकत नाही. मी ती सोडली. तरीही लोणावळ्याला गेलो की दवाखान्यात डोकवायचो. माझ्याकडे बॅग नव्हती, पण मी पाहुणाच राहिलो.

अशाच एका सकाळी आबा आले. साहेब गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आले होते. शर्टाच्या आत, छातीशी, एक काळं गावठी पिल्लू. जुलाब-उलट्यांच्या आजारातून कसंबसं उठलेलं, मान धरवत नव्हती. आबा बाकावर बसले. भिंतीवर जिथे घड्याळ असायचं तिथे नुसता खिळा होता. त्यांनी तो बघितला.

डॉक्टरांनी पिल्लू तपासलं, पोट दाबून बघितलं. मग पेन हातात घेतलं आणि थांबले. मला कळलं, का थांबले ते. नाजूक आतड्यांच्या पिल्लाला थोडे दिवस पचायला हलकं असं खास डबाबंद खाणं द्यायला हवं होतं. तेच आबांना सांगायचं होतं, आणि हात चालत नव्हता.

"आबा," ते म्हणाले, "ह्याला पंधरा दिवस डब्यातलं खाणं द्यावं लागेल. नंतर भाकरी, अंडं, सगळं चालेल. मी सांगतो का ते. ह्याच्या आतड्याचं अस्तर गेलंय, आणि घरी करायचं झालं तर पातळ भात आणि..." ते घाईघाईनं बोलत होते, एखादा विद्यार्थी तोंडी परीक्षेत बोलतो तसे.

आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुमी तपासलंय न्हवं?"

"तपासलंय, आबा."

"मंग झालं. द्या." आबांनी पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "त्या येळंला बी म्या ह्येच इचाराया पायजे व्हतं."

"नाही आबा," डॉक्टर म्हणाले. "त्या वेळी मीच सांगायला हवं होतं."

मग ते उठले. कोपऱ्यात माणसांचा एक साधा वजनकाटा होता, त्यांनी स्वतः आणलेला. त्यावर आधी ते एकटेच उभे राहिले, वाकून आकडा बघितला. मग आबांच्या हातातलं पिल्लू छातीशी घेतलं आणि पुन्हा उभे राहिले. आपलं वजन वजा करून त्यांनी पिल्लाचं वजन कागदावर लिहिलं आणि कागद आबांच्या हातात दिला.